हरकत क्रमांक ६१८

आमच्या नगररचना खात्यात
रंगांना अर्थ असायचा, चव नसायची.
पिवळा म्हणजे राहायचं. निळा म्हणजे दुकानं.
जांभळा सातपूर-अंबडकडे सांडलेला.
हिरव्यात काही करायचं नाही,
नियमातच लिहिलेलं : ना-विकास.
जणू कोथिंबिरीचे वाफे, द्राक्षाचा मांडव, व्यालेली म्हैस
हे काहीच नसतं.

मी आरेखक. सही माझी नसायची,
ब्रश माझा.
एकास पाच हजार.
पेनाचं टोक अर्धा मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर अडीच मीटर :
एक न्हाणीघर,
किंवा दोन भावांमधला तो बांध
ज्याचा दावा वीस वर्षं निफाडच्या कोर्टात पडून आहे.
शाई वाळेपर्यंत मी खोकायचोसुद्धा नाही.

आराखडा प्रसिद्ध झाला.
साठ दिवसांत नऊशेच्या वर हरकती.
बहुतेकांचं म्हणणं एकच : माझ्यावरचं आरक्षण उठवा,
शेजारच्यावर टाका, त्याची तशीही पडीकच आहे.
एका डॉक्टरांची टंकलिखित, तेवीस पानी.
एक निनावी पोस्टकार्ड :
बाकी सगळं ठीक, फक्त पूररेषेसकट गोदावरी
जरा पलीकडे सरकवून मिळावी.
साहेब खूप हसले. मग म्हणाले, आवक क्रमांक टाका.

सहाशे अठरा.
इठाबाई काकड, मखमलाबाद शिवार, डाव्या हाताचा अंगठा.
साठ फुटी रस्ता माझ्या विहिरीतून जातो.

सुनावणीला प्रत्येकी तीन मिनिटं.
समितीतल्या एकांनी विचारलं, विहीर वापरात आहे का?
तिनं पिशवीतून सरबताची जुनी बाटली काढली,
टेबलावर ठेवली.
पिऊन बघा म्हणाली.
कुणी प्यायलं नाही. सगळ्यांनी बाटलीकडे पाहिलं,
मग घड्याळाकडे.
पुढचा नंबर मुश्ताक तांबोळींचा होता, लाकडाच्या वखारीबद्दल.

ती बाटली संध्याकाळी माझ्या टेबलावर आली,
शिपाई रघू मोंढेनं आणली. कुठं टाकू, म्हणाला.
मी म्हटलं, असू दे.
माझ्या वाटीतलं पाणी संपलेलं होतं.

गुरुवारी वरून एक ट्रेसिंग पेपर आला.
सोबत पत्र नाही, नुसती टाचणी.
रस्ता सात मिलिमीटर वाकलेला.
विहीर वाचली!
तिला कळवावं म्हणून मी उठलोसुद्धा.
मग नकाशावर भिंग फिरवताना दिसलं
की रस्ता वाकून कुणाच्या गटाला नवं तोंड फुटलंय,
आणि त्या तोंडापासून विहिरीपर्यंत
सगळं पिवळं करायचंय.

मुलगी तेव्हा सातवीत. विचारायची, बाबा, हे ठरवतं कोण?
साहेब म्हणायचे समिती.
समिती म्हणायची शासन.
शासन म्हणायचं, स्थानिक अहवालानुसार.
अहवालाला जोडलेला नकाशा
मी काढलेला.

तो पिवळा मी इठाबाईच्या पाण्यात कालवला.
छान पसरला. गाळ नव्हता, क्षार नव्हते,
कडेला एक डाग उमटला नाही.
शेऱ्यात आलं : हरकत अंशतः मान्य.

पिवळ्याच्या बाटल्या त्या वर्षी तीनदा मागवाव्या लागल्या.
हिरव्याची एकच, निवृत्त झालो तेव्हा कपाटात अर्धी होती.

आता राहतो तिथंच. दुसरा मजला, पूर्वेची गॅलरी.
भाव परवडला, कारण खालचं पार्किंग झिरपतं.
उन्हाळ्यातही.
प्लंबर म्हणाला, हा पाइप नाही, झरा आहे,
खाली कुणाची तरी विहीर बुजवलेली असणार.
सभेत सेक्रेटरी चुंभळे बिल्डरला शिव्या देत होते,
नवा पंप, घरटी अकराशे रुपये.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
तुम्ही खात्यातले, तुम्हाला काय वाटतं?

मी अकराशे मोजून ठेवले.
म्हटलं, माझी काही हरकत नाही.